मुरण्याची वेळ

जपून ठेवणे हा सद्गुण आहे, असे लहानपणापासून ऐकत आलो. पण जपलेली वस्तू वापरायची कधी, हे कोणी सांगितले नाही. किती घरांत पैठणी ट्रंकेतच घडीवर विरून जाते!

आमच्या वसमतला हा प्रश्न दर हंगामात उभा राहतो. इथल्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले; शेतकऱ्याची विवंचना मात्र जुनीच. आज विकावी, की भाव चढेपर्यंत ठेवावी? सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे साठवीत. 2005 च्या महापुरात त्यांत पाणी शिरले, आणि जपणाऱ्यांच्या पदरी चिखल आला.

गेल्या दिवाळीत हाच प्रश्न एका बाटलीच्या रूपाने घरात आला. फ्रान्समध्ये नोकरीला असलेल्या पुतण्याने बोर्डोजवळच्या सोतेर्न भागातली पांढरी वाइन आणली, 1999 सालची. म्हणजे आमचा हिंगोली जिल्हा आणि ती समवयस्क! (परवाना काढलेला आहे, शेजाऱ्यांनी निश्चिंत असावे.) ‘पांढरी’ हे नाव फसवे. तरुणपणी ती पिवळसर असते, वयाबरोबर सोनेरी होते, पुढे तांबूस. तिथल्या द्राक्षांवर एक बुरशी धरते, मण्यातले पाणी उडते, गोडी दाटते. ते सुरकुतलेले मणी माणसे पुन्हा पुन्हा मळ्यात जाऊन वेचतात. बुरशीचे नाव काढताच सौ.ने नाक मुरडले. मी तिला अनारशांसाठी तीन दिवस भिजत पडलेल्या तांदळाची आठवण करून दिली.

“काका, अजून दहा वर्षे सहज राहील,” पुतण्या म्हणाला. ती राहील हो. पण मला बहात्तरावे लागले आहे!

लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडून चव घेता येते आणि पुन्हा बांधता येतो. बाटलीला ती सोय नाही. ती मुरली की नाही हे कळायला बूच काढावे लागते, आणि बूच काढले की मुरणेच संपते. 2011 साली शातो दिकेमची 1811 ची बाटली 75,000 पौंडांना विकली गेली. घेणाऱ्याने काय घेतले? द्राक्षांचा रस, की दोनशे वर्षे इतरांनी आवरलेला मोह? मला वाटते, जुन्या वस्तूत आपण चाखतो ते बरेचसे दुसऱ्याचे थांबणे. कोणा अनोळखी माणसाने वीसएक वर्षे ही बाटली अंधारात आडवी ठेवली, ती कोणाच्या तरी जिभेसाठी. मी ती आणखी पुढे ढकलली, तर त्याचे थांबणे फुकट जाईल. नातवंडांसाठी ठेवावी म्हणाल, तर त्यांच्या वाट्याला वाइन येईल, की न उघडण्याचे कर्तव्य? शिवाय वसमतचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. तो कुणाचे मुरणे पाहत बसत नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी गार करून उघडली. आधी मध, मग जर्दाळू, संत्र्याची साल. आणि गोडी अंगावर येणार तोच एक स्वच्छ आंबटपणा. अनारशाबरोबर तर फारच छान लागली. सौ.ने फुलपात्रात घोटभर घेतली आणि काही न बोलता आणखी घोटभर घेतली.

“उरलेली किती दिवस टिकेल रे?” तिने विचारले.

“फ्रिजमध्ये चार-पाच दिवस.”

“मग राहू दे. उद्या भाऊबीजेला वन्सं यायच्या आहेत.”