मजुरी आणि ऋण

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. लोहार ऐरणीला फूल वाहतो, सुतार करवतीला हळदकुंकू लावतो. मुंबईच्या गिरणगावात तर दसऱ्याला यंत्रेसुद्धा झेंडूने नटत. ज्याच्यामुळे पोट भरते त्याचे ऋण मानावे, हा त्यातला साधा भाव. पण ते यंत्र ज्याने घडवले आणि ज्याने चालवले, त्याचे काय? त्याला मजुरी दिली, हिशेब मिटला, असे व्यवहार सांगतो. तो खरोखरच मिटतो का?

इंग्लंडात क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारायला घेतली. हा मूळचा न्हावी, केसांचे टोप बनवणारा. दातेरी चाके घडवणारे हात त्याच्यापाशी कुठून असणार? त्याच डिसेंबरात त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली : दातेरी चाकांचे काम जाणणारे घड्याळजी हवेत, लोखंड घडवून कानस मारणारा लोहार हवा. यंत्राचा पहिला नमुनाही जॉन के नावाच्या घड्याळजीनेच करून दिला होता. १७८५ साली हा के न्यायालयात आर्कराइटच्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला आणि आर्कराइटचे पेटंट रद्द झाले. तरी पुढच्याच वर्षी आर्कराइट 'सर' झाला. माणसे, पैसा आणि यंत्र एकत्र आणणे हेही कसबच. त्याचा मान त्याला मिळाला, यात वावगे काही नाही. पण लोहाराचा मान कोणत्या खात्यावर मांडला गेला?

हीच गोष्ट पुढे आपल्या दाराशी आली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली. १८५६ साली ती ताडदेवला सुरू झाली. मग गिरण्या वाढत गेल्या. लोखंड लँकेशायरहून आले, हात आमच्या रत्नागिरीहून गेले. इथल्या कित्येक चुली मनीऑर्डरीवर पेटल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, आणि त्यानंतर अनेकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. २०१२ साली म्हाडाच्या सोडतीत काही कामगारांना घरे मिळाली, तेव्हा कोणी म्हणाले, "मजुरी ठरली तेव्हा घराची बोली कुठे होती?"

बोली नव्हती, हे खरे. परंतु मजुरीने विकत मिळतो तो दिवस. त्या दिवसात ओतलेले कसब मालकाच्या जमिनीत, शहराच्या वैभवात मुरते आणि मजूर गेल्यावरही फळ देत राहते. आपल्या शास्त्राने देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली. त्यांतले एकही पैशाने फिटत नाही, म्हणून कोणी ते नाकारीत नाही. कारागिराचे ऋण याच जातीचे आहे. ते पुरते फेडणे कदाचित कोणालाच जमणार नाही. परंतु ते मानणारा माणूस कामगाराला घर देताना दान दिल्याचा आव आणणार नाही, एवढा फरक मात्र नक्की पडेल. आणि घेणाऱ्यालाही मान खाली घालावी लागणार नाही.