मुक्कामी नव्हे, राहायला

आजचं वाचन : योहान ८:३१-३६



सत्यामुळे माणसाची सुटका होते, हे योहान ८:३२ आपल्यापैकी बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ आहे. स्टेटसलाही ते नेहमी दिसतं. पण स्टेटसवर येतं ते अर्धंच. त्याच्या आधीच्या ३१ व्या वचनात एक 'जर' आहे, तो बहुतेक वेळा गळून पडतो. प्रभू येशू आधी आपल्या वचनात टिकून राहायला सांगतो. जो टिकतो तोच खरा शिष्य. सत्याची ओळख आणि सुटका या गोष्टी त्याच्या नंतर येतात.

आणि हे तो कोणाला सांगतोय? बाहेरच्यांना नाही. ज्यांनी नुकताच त्याच्यावर विश्वास ठेवला होता, त्यांनाच. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा थांबलोच. विश्वास ठेवणाऱ्यांना सुटकेची काय गरज?

त्यांनाही हाच राग आला. आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कोणाचे गुलाम कधी होतो, असं ते विचारतात. आता बघा, मिसर झालं, बाबेल झालं, आणि हे बोलत असताना यरुशलेमेवर रोमी सत्ता होती. तरी 'आम्ही कधीच गुलाम नव्हतो'! आपलंही उत्तर फार वेगळं नसतं. आजोबांपासून आम्ही मंडळीत आहोत, गायनमंडळात आहोत, आम्हाला कसलं बंधन?

मराठवाड्याच्या माणसाला ही गोष्ट खरं तर पटकन कळायला हवी. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा नांदेड, लातूर, उदगीर निजामाच्याच राज्यात होते. आपला मुक्तिदिन १७ सप्टेंबर १९४८. मधले तेरा महिने कसे असतील, विचार करा. दिल्लीत तिरंगा फडकलाय ही बातमी खरी, पण दारात अंमल जुन्याच मालकाचा. बाप्तिस्मा झालेल्या माणसाच्या आतही असे तेरा महिने असू शकतात. कधी तेरा वर्षंसुद्धा.

पंडिता रमाबाईंनी हे स्वतःबद्दल लिहून ठेवलंय. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेज इथे झाला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे आठेक वर्षं गेली. हे लिहायला केवढं धैर्य लागलं असेल! पुण्यातले सनातनी टीका करायला टपलेले, चर्चमधल्यांचीही नजर यांच्यावर, आणि तरी ही बाई आपली मधली रिकामी वर्षं झाकत नाही. झाकायची गरज न उरणं, ही मला तरी मोठी सुटका वाटते.

पण मला आज जास्त सांगायचंय ते त्यानंतरचं. केडगावला त्यांनी दुष्काळातल्या विधवा आणि पोरक्या मुलींसाठी जागा उभारली, तिचं नावच 'मुक्ती'. तिथे वयाच्या चाळिशीनंतर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण पवित्र शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणायचं होतं. संस्कृतवर त्यांची हुकूमत एवढी की 'पंडिता' ही पदवीच त्यावर मिळालेली. जड मराठी लिहिणं त्यांच्या हातचा मळ होता. त्यांनी मुद्दाम साधी मराठी घेतली, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशी. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकामुलींनी केलं. हे काम पंधरा वर्षांहून जास्त चाललं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर त्यांच्या हातचं काम झालं होतं. छापलेलं संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आलं.

एकेका शब्दापाशी दिवसचे दिवस बसणं. वचनात 'राहणं' म्हणतात ते हेच असावं.

या 'राहणं' शब्दाची एक गंमत आहे. ग्रीकमध्ये ३१ व्या वचनात जे क्रियापद आहे, तेच पुन्हा ३५ व्या वचनात येतं. तिथे प्रभू म्हणतो की दास घरात कायमचा राहत नाही, पुत्र राहतो. म्हणजे वचन हे घर आहे, आणि प्रश्न असा आहे की मी त्यात मुक्कामी आहे की राहायला आलोय. लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहिलेल्यांना हे सांगायला नको. भाड्याच्या खोलीत आपण भिंतीला खिळा ठोकत नाही. बॅग अर्धी भरलेलीच असते. सकाळी एक वचन वाचून दिवसभर दुसऱ्याच कोणाच्या हुकमात वागणं हे तसलंच राहणं.

आणि तो दुसरा हुकूम कोणाचा? आपल्याकडे बऱ्याचदा मार्कांचा. नीटच्या सराव परीक्षेत मार्क पडले कमी, आई फोनवर विचारते, "लेकरा, कसं चाललंय रे?" आणि इकडून उत्तर जातं, "मस्त." तिथून पुढे प्रत्येक फोनला तेच 'मस्त' सांभाळावं लागतं. खोटं एकदाच बोललेलं असतं, चाकरी रोजची होते. पाप करणारा पापाचा दास होतो, असं प्रभू ३४ व्या वचनात सांगतो, ते असं अगदी साधं, एका शब्दाएवढं असू शकतं.

वचनात राहणाऱ्याचे मार्क वाढतात असं मी म्हणणार नाही, शास्त्रात तसं कुठे लिहिलेलं नाही. पण आपण या घरात पुत्र आहोत, कन्या आहोत, आणि रँकवरून इथून कोणी बाहेर काढत नाही, हे ज्याला रोज वाचून वाचून आत मुरलंय, त्याला एक दिवस खरं बोलता येतं. "आई, नाही जमत आहे गं." एवढंच. मार्क तेवढेच राहतात, पण चाकरी सुटते.

आज योहानाचा आठवा अध्याय ५९ व्या वचनापर्यंत वाचा. विश्वासापासून सुरू झालेलं बोलणं शेवटी हातात धोंडे घेण्यापर्यंत कसं गेलं, ते सावकाश बघा. आणि ज्यांना आतून फार जड वाटतंय त्यांनी एकटं बसून वाचू नका, खोलीतल्या मित्राला, पाळकांना, घरच्यांना, कोणाला तरी आजच सांगा.

प्रार्थना : प्रभू येशू, आज लातूर-नांदेडच्या ज्या ज्या खोलीत कोणी फोन हातात धरून गप्प बसलंय, तिथे तू जा. त्या लेकराला घरी खरं बोलायचं बळ दे. आणि तिकडे फोन उचलणाऱ्या आईबापांना आधी ऐकून घ्यायची बुद्धी दे. आमेन.