पाळणा आणि खतावणी

मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्माचा पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो, सप्ताहाच्या पारायणाची सांगता झालेली असते. चौथ्या अध्यायातली अनसूयामातेची कथा आपण सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकली आहे की ती सांगायची गरज नाही. तीन देव परीक्षा घ्यायला आले आणि तिच्या घरात बाळं होऊन राहिले. आपल्या संप्रदायाचा आरंभच मुळी एका बाईच्या घरातल्या पाळण्यापासून आहे. म्हणून पाळण्याबद्दलचीच एक गोष्ट या अंकात मांडावी असं वाटलं. विषय थोडा रुक्ष आहे, आकड्यांचा आहे, पण वाचकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न असा. परमेश्वर सगळं पाहतो, तो अंतर्यामी आहे, साक्षी आहे, हे आपण मानतो. मग माणसानं माणसाच्या कामावर नोंदी ठेवून लक्ष ठेवावं, दर महिन्याला आकडे तपासावेत, चूक हुडकावी, याची गरज काय? ही देखरेख म्हणजे अविश्वास नाही का? सत्संगात असं बोलणारे पुष्कळ भेटतात. "ज्याचं त्याचं कर्म ज्याच्या त्याच्याबरोबर" असं म्हटलं की विषय संपतो. माझ्या मते तिथं तो संपू नये.

आता आपल्या जिल्ह्याचा आकडा घेऊ. शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली किती, हे जनगणनेत मोजतात. २००१ साली बीड जिल्ह्यात तो आकडा ८९४ होता. २०११ साली ८०७ झाला. महाराष्ट्रात सर्वांत कमी. निसर्गात मुलगे थोडे जास्तच जन्मतात, हजारामागे साधारण साडेनऊशे मुली होतात असं धरलं जातं. म्हणजे दर हजार मुलग्यांमागे सव्वाशे-दीडशे मुली ज्या यायला हव्या होत्या त्या आल्याच नाहीत. अख्ख्या महाराष्ट्राचा आकडाही त्या दहा वर्षांत ९१३ वरून ८९४ वर घसरला. म्हणजे राज्य घसरून २०११ ला जिथं आलं, तिथं आपण दहा वर्षं आधीच होतो, आणि तिथूनही खाली गेलो.

या आकड्याची गंमत म्हणा, दुःख म्हणा, असं आहे की तो कुठल्याही एका घरात दिसत नाही. एका घरात दोन मुलगे झाले. देवाची कृपा. शेजारी मुलगी झाली, मग मुलगा. तीही कृपाच. शेजाऱ्याला संशय यायचं कारण नाही, भटजींना नाही, आप्तेष्टांना नाही. प्रत्येक घर आपापल्या जागी बरोबर दिसतं आणि बेरीज मात्र चुकते. बँकेत हे फार लवकर कळतं. एका काउंटरला एका दिवशी दहा रुपये कमी पडले तर माणूस आहे, चुकतो. त्याच काउंटरला महिनाभर रोज दहा कमी पडत असतील तर ती चूक राहत नाही. पण हे कळायला महिनाभराची नोंद शेजारी शेजारी मांडलेली पाहिजे. सुटी सुटी चिठ्ठी पाहून ते जन्मात कळणार नाही.

म्हणून "ज्याचं त्याचं कर्म" हे उत्तर इथं अपुरं पडतं. चित्रगुप्ताच्या वहीत प्रत्येकाचं खातं असेलच, त्याबद्दल मला शंका नाही. पण ती वही उघडते केव्हा, तर खातं बंद झाल्यावर. माणसाची वही मधेच उघडता येते. न आलेल्या मुलीला आणता येत नाही, पण पुढच्या वर्षीच्या मुलीला येऊ देता येतं. माणसाच्या नोंदीचा उपयोग तेवढाच, आणि तो लहान नाही.

कायदा १९९४ चा आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा. त्यात गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे एक एफ फॉर्म भरायचा असतो आणि महिन्याचा सगळा हिशेब पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. म्हणजे देखरेखीची यंत्रणा कागदावर आधीपासून होती. २००१ ते २०११ या काळात फॉर्म भरले जात असतीलच. प्रश्न ते कोण वाचत होतं हा. न वाचलेलं व्हाउचर आणि न भरलेलं व्हाउचर यांत फरक नसतो. बँकेत तर न भरलेलं बरं, निदान त्याचा बोभाटा तरी होतो.

कोल्हापूरला तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख (लेखक म्हणून आपल्याला ते माहीत आहेत, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष) यांनी वेगळं केलं. सोनोग्राफीच्या यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण जोडलं, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद आपोआप राहू लागली. एफ फॉर्म ऑनलाइन भरायचा, तोही चोवीस तासांत. रेडिऑलॉजी तज्ज्ञांची संघटना उच्च न्यायालयात गेली. म्हणणं असं की यात रुग्णाची खासगी बाब उघडी पडते. मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये ते मान्य केलं नाही. कोल्हापूरचा आकडा २००१ ला ८३९ होता, २०११ ला ८६३. आपण ८९४ वरून ८०७ वर उतरलो त्याच दहा वर्षांत ते वर चढले.

इथं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा होईल. २०११ च्या जनगणनेत मोजलेली बहुतेक मुलं ते उपकरण बसायच्या आधी जन्मलेली होती. तेव्हा तो चढ उपकरणाच्या नावावर जमा करता येणार नाही. पण ज्या जिल्ह्यानं आपला वाईट आकडा अंगाला लावून घेतला त्या जिल्ह्यात तो चढला, एवढं तरी म्हणता येईल. आपल्याकडे २०१२ साली परळीत एक बाई दगावली तेव्हा सगळे जागे झाले. त्या डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. एक जीव जावा लागला आणि देशभर परळीचं नाव गेलं, तेही वैजनाथामुळे नाही. २०१५ मध्ये 'बेटी बचाओ' योजनेत देशातले पहिले शंभर जिल्हे निवडले, त्यात आपण होतो. तो मान नव्हता.

आता अविश्वासाचा मुद्दा. बाहेरच्या माणसाला बँकेतल्या काही रीती अपमानाच्या वाटतात. एकानं नोंद केली की ती दुसऱ्यानं तपासायची. बाप-लेक असते तरी हाच नियम. नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून काही दिवस सक्तीनं रजा घ्यायला लावायची आणि तेवढे दिवस त्याची खुर्ची दुसऱ्याला द्यायची. नवीन माणसाला वाटतं, आपल्यावर संशय आहे. जुना माणूस उलट ती रजा आनंदानं घेतो, कारण परत आल्यावर त्याचं खातं चोख निघालेलं असतं आणि कुणी बोट दाखवू शकत नाही. तपासणीनं प्रामाणिक माणसाची राखणच होते. आपल्या भाषेनं इथं दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, तेही विचार करण्यासारखं आहे. पाळत ठेवतात ती चोरावर. राखण करतात ती शेताची. दोन्हींत डोळे उघडेच असतात.

पण हा फरक शब्दांत जितका सरळ आहे तितका व्यवहारात नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. दिवाळीनंतर इथून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. आता पाहा, मुकादमाची वही काही गबाळी नसते. कुठल्या कोयत्याचे किती खाडे, हे त्याला तोंडपाठ असतं. देखरेख म्हणून विचाराल तर ती पक्की आहे. फक्त त्या वहीत खाड्याचं कारण लिहायला रकाना नसतो. पाळी, अंगावर जाणं, पोटदुखी, जड मोळ्या वाहून झालेला त्रास, यातलं काहीच तिथं लिहिलं जात नाही. मग बाईच विचार करते की पिशवीच काढून टाकली तर खाडा वाचेल. आणि काढून देणारे दवाखाने होतेच.

२०१९ मध्ये हे प्रकरण विधिमंडळात गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. त्यांतल्या कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या. त्यानंतर खासगी दवाखान्याला या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली, म्हणजे इथंही शेवटी नोंदच आली.

या दोन वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. मुकादमाची वही बाईला मोजत होती आणि समितीची वहीही बाईलाच मोजत होती. पहिलीनं तिला दंड केला, दुसरीनं तिच्यावर काय गुदरलं ते उघड केलं. तेव्हा "देखरेख चांगली की वाईट" हा प्रश्नच मला कच्चा वाटतो. वही कोणाची, रकाने कोणी पाडले, आणि आकडा वाईट निघाला तर जाब कोणाला विचारणार, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. मुलींच्या आकड्यातही हाच धोका आहे. डॉक्टरच्या यंत्रावर लक्ष ठेवायचं ते राहून गावातल्या प्रत्येक पोटुशीवर नजर ठेवली, तर लेकीसुनांना दवाखान्यात जायची भीती बसेल. ती राखण नाही.

आणखी एक अडचण आहे, तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला का? तपासनीस येणार म्हटलं की दोन दिवस आधी शाखा चकाचक होते, फायली रांगेत लागतात. तो गेला की आठ दिवसांत टेबल पुन्हा पूर्वपदावर. यंत्राला उपकरण लावलं तर माणूस दुसऱ्या जिल्ह्यात जातो, सीमेपलीकडे जातो. "वंशाला दिवा पाहिजे" हे कुठल्याच फॉर्ममध्ये भरलेलं नसतं, ते घरात ओसरीवर बोललं जातं, आणि बोलणारे बहुतेक आपल्या वयाचे असतात. २००१ ते २०११ मध्ये सासू-सासरे कोण होते? हा अंक वाचणारेच पुष्कळ. त्या वर्षांत जन्मलेले नातू आता कॉलेजात आहेत, आणि सोयरिकीच्या गोष्टी निघाल्या की मुली मिळत नाहीत म्हणून तीच मंडळी हळहळतात.

गुरुचरित्राच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात साठ वर्षांच्या वांझ बाईची कथा आहे. गंगाबाई. महाराजांच्या कृपेनं तिला आधी कन्या झाली. त्या कन्येला महाराजांचा आशीर्वाद मिळाला, मुलगा नंतर. पारायण करणारा प्रत्येक जण हा अध्याय वाचतो. संततीसाठी म्हणून मुद्दाम वाचणारेही आहेत. त्यात कन्या आधी येते याकडे किती जणांचं लक्ष जातं, देव जाणे. वाचन आणि पाहणं यांतलं अंतर हेच असावं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, कबुतर, मधमाशी, पिंगळा, बांगड्या वाजू नयेत म्हणून एकेक काढून ठेवणारी मुलगी. यांपैकी कोणीही त्याला उपदेश केलेला नाही. त्यानं फक्त नीट पाहिलं आणि जे दिसलं ते स्वतःला लावून घेतलं. मला वाटतं, पाहणी ही आपल्या दत्तसंप्रदायाला परकी गोष्ट नाही. आपल्या अंबाजोगाईचे दासोपंत मोठे दत्तभक्त, सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिला. रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची असं सांगतात. शाईचाही हिशेब राहिला बघा!

आता करायचं काय, ते थोडक्यात. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे २०११ नंतर आपल्यापुढे सबंध मोजणीचा आकडा नाही. दहा-दहा वर्षांनी एकदाच शिल्लक काढणारी बँक कोणी चालवील का? म्हणून गावानं आपली मोजणी आपणच करावी. ग्रामपंचायतीचं जन्माचं रजिस्टर घ्यावं असं पहिल्यांदा वाटेल, पण ते पुरत नाही. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, आणि बाळंतपणं आता तालुक्याला किंवा बीडला होतात. त्यापेक्षा अंगणवाडीताईंकडे गावातल्या शून्य ते सहा वर्षांच्या मुलांची यादी असते, ती बरी. कोणाचं नाव घ्यायचं नाही, घर सांगायचं नाही. मुलगे किती, मुली किती, एवढे दोन आकडे पाळणा झाल्यावर, प्रसाद वाटायच्या आधी देवळात वाचायचे. लहान गावात सगळी मिळून शंभर-सव्वाशे मुलं असतील, तेव्हा एका वर्षी पाच-दहा इकडेतिकडे झाली तर घाबरायचं कारण नाही, तो योगायोग असू शकतो. पण आकडा फळ्यावर तसाच ठेवावा, पुढच्या वर्षीचा त्याच्याखाली लिहावा. चार-पाच ओळी झाल्या म्हणजे योगायोग आहे की दुसरं काही, ते ज्याला दोन अधिक दोन येतं त्या कोणालाही वाचता येईल. फळा देवळात असतोच, वर्गणीची नावं लिहायला.