अर्धे सांगितलेले दुखणे

अमळनेरला तत्त्वचिंतनाचा वारसा आहे. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. त्या मंदिरात अभ्यासासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांची ते आई झाले आणि पुढे अवघ्या महाराष्ट्राचे साने गुरुजी झाले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांना अमुक आजार होता असे म्हणण्याचाही नाही. मात्र त्यांच्या स्मरणाने एक प्रश्न मनात उभा राहतो, आणि तो गुरुजींविषयी नसून आपल्याविषयी आहे. आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात कोणाच्या मनात मरणाचा विचार वारंवार येत असेल, तर तो बोलून दाखविण्याची मोकळीक आपण त्याला ठेवली आहे काय?

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मिस्सानंतर थांबले. पापनिवेदनासाठी नव्हे, नुसते बोलण्यासाठी. “फादर, रोज पहाटे जाग येते आणि आता जगणे नको असे वाटते. वर्षानुवर्षे असेच चालले आहे,” ते म्हणाले. आम्ही त्यांच्या हाती जपमाळ दिली, निराशा हे पाप आहे असे समजावले आणि प्रार्थनेचे आश्वासन दिले. “बरं, फादर,” एवढेच म्हणून ते गेले. पुढे वर्षभर त्यांनी तो विषय काढला नाही. प्रार्थना फळाला आली अशी आम्ही समजूत करून घेतली. वास्तविक आम्ही एक दार लावून घेतले होते. नंतर कळले की ते डॉक्टरांकडेही जात होते; पण झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, यापलीकडे त्यांनी तेथे काही सांगितले नव्हते. अर्धे दुखणे सांगितले, उपचारही अर्ध्याच दुखण्यावर झाला. हे आम्ही त्यांच्या संमतीने लिहीत आहोत.

माणूस हे का लपवितो? पहिले भय पापाचे. येथे आपली शिकवण नीट समजून घेतली पाहिजे. पूर्ण जाणीव आणि मनाची मोकळी संमती असल्याखेरीज गंभीर पाप घडत नाही. न बोलावता मनात शिरणारा विचार हे पाप नव्हे. ताप येणे हे जसे पाप नव्हे तसेच. आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यात होती. १९८३ च्या कायद्यात ती राहिली नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला धर्मशिक्षणाचा ग्रंथ आत्महत्येला गंभीर चूक मानतो. परंतु तीव्र मानसिक व्यथेमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते आणि अशा जिवांच्या तारणाविषयी आशा सोडू नये, असेही शिकवितो.

दुसरे भय कायद्याचे. मनात विचार येणे हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गृहीत धरले आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही त्याच कायद्यात आहे. जिवाला धोका दिसला तर डॉक्टर घरच्यांना विश्वासात घेऊ शकतात.

तिसरे भय सर्वांत खोल आहे: घरच्यांना दुःख होईल, मुलीच्या लग्नात अडचण येईल, लोक वेडा म्हणतील. हे मौन त्यागासारखे दिसते, म्हणूनच ते फसवे आहे. आठवी आज्ञा आपण शेजाऱ्याविषयी खोटे बोलू नये म्हणून शिकतो. स्वतःविषयीचे सत्य, ज्याला ते कळणे आवश्यक आहे अशा माणसापुढे ठेवणे, हेही त्याच आज्ञेचे पालन नव्हे काय? आपला जीव ही देवाने सोपविलेली ठेव असेल, तर ती धोक्यात असल्याचे रखवालदाराला सांगणे हे कर्तव्यच ठरते. वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे, असे बेनसिराच्या ग्रंथात सांगितले आहे.

एलिया संदेष्ट्याचे स्मरण करा. रानात झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले, तेही स्पष्ट शब्दांत. देवाने त्याला दटावले नाही, आधी प्रवचनही दिले नाही. झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले, आणि दूताने त्याला पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेबवरचे संभाषण त्यानंतरचे. आम्ही मात्र त्या गृहस्थांना पहिल्याच घटकेला होरेबवर चढविले होते.

पुढे आम्ही त्यांची क्षमा मागितली आणि त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. “डॉक्टर, माझ्या मनात मरणाचे विचार येतात,” हे एक वाक्य बोलायला त्यांना बराच वेळ लागला. डॉक्टर दचकले नाहीत. विचार किती वेळा येतो, केव्हा बळावतो, काही बेत मनात आहे काय, धोक्याचे काही घरात हाताशी आहे काय, हे त्यांनी शांतपणे विचारले. असे विचारल्याने विचार बळावत नाही. उलट ओझे हलके होते. शेतीची विषारी औषधे घराबाहेर कुलुपात गेली. उदासीनतेवरील आजची औषधे १९५० साली नव्हती. ती त्या दशकाच्या उत्तरार्धात येऊ लागली. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नसतात.

त्यांचा तो विचार समूळ गेला, असे आम्ही म्हणणार नाही. तो अजून येतो. पण आता प्रत्येक भेटीत ते डॉक्टरांना सांगतात: या महिन्यात इतक्या वेळा आला, त्या दिवशी जास्त होता. दम्याचा रोगी दम्याविषयी सांगतो तसे. पत्नीलाही ते ठाऊक आहे. जपमाळ त्यांनी सोडलेली नाही. आता ती औषधाच्या डबीशेजारी असते.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाला हे ओळखीचे वाटले असेल, तर डॉक्टरांपुढे पुरते बोला. एकट्याने धीर होत नसेल तर घरच्या माणसाला, नाहीतर आपल्या फादरांना सोबत न्या. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही बोलता येते; आत्ताच जिवावर बेतले असेल तर एकटे राहू नका, ११२ वर फोन करा. आणि कोणी आपल्यापाशी हे बोलू लागले, तर उपदेशाची घाई करू नका. बसा, ऐका, आणि डॉक्टरांपर्यंत त्याच्यासोबत चाला.