अभ्यासाचा तास

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी अनेक वर्षं समंत्रक म्हणून शिकवते आहे. केंद्र सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. आठवडाभर कॉलेजात वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवायचं आणि रविवारी त्याच वर्गात एसटीचे वाहक, पतसंस्थेतले लिपिक, अंगणवाडी सेविका, दुकानात हिशेब लिहिणारे अशा मंडळींसमोर उभं राहायचं. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांची अडचण बुद्धीची क्वचितच असते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांना कमी पडतो तो वेळ. शिक्षण मोबाइलवर आलं तेव्हा ही अडचण आता मिटली, असं अनेकांना वाटलं. माझा अनुभव सांगतो की ती मिटलेली नाही.

महाराष्ट्राला घरबसल्या शिकणं नवं नाही. नाशिकला हे मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू होते आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचं ब्रीद. शाळा मधेच सुटलेल्या कितीतरी माणसांना या विद्यापीठानं पदवीपर्यंत नेलं. त्याची क्रमिक पुस्तकंच वेगळ्या पद्धतीनं लिहिलेली होती. समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून प्रत्येक घटकाची उद्दिष्टं आधी, मग थोडं विवेचन, मग स्वतःला तपासण्यासाठी प्रश्न. आणि तरीही विद्यापीठानं संपर्कसत्रं ठेवली. एकट्यानं शिकणाऱ्यालाही अधूनमधून माणसं भेटावी लागतात, हे ते विद्यापीठ उभं करणाऱ्यांना ठाऊक होतं.

पुढे इंटरनेट आलं आणि शिकवणारा कुठे आहे हा प्रश्नच उरला नाही. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 2003 साली एनपीटेल हा ऑनलाइन शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला. 2014 पासून त्याचे परीक्षेसह प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम आले आणि 2017 मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयम’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. आज सांगोल्याच्या मुलीला आयआयटीच्या प्राध्यापकांचं व्याख्यान पैसे न भरता ऐकता येतं. परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. ज्या गावातून चांगल्या शिकवणीसाठी पुण्याला जाऊन राहावं लागे, तिथे हे घडणं ही मोठी गोष्ट आहे. मी तिचं मोल कधीही कमी लेखणार नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना जे सांगायचं ते आपण करून पाहावं, म्हणून मी स्वतः एनपीटेलचा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम केला. दर आठवड्याला नवी व्याख्यानं येत, त्यांवर स्वाध्याय असे आणि तो ठरलेल्या बुधवारी रात्री 11.59 पर्यंत भरावा लागे. शेवटी परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, देखरेखीखाली. गुणांपैकी 75 टक्के परीक्षेचे आणि 25 टक्के स्वाध्यायांचे. त्यातला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटला. बारा स्वाध्यायांपैकी सर्वांत चांगले आठच धरले जातात. ज्यांनी हा नियम केला, त्यांना शिकणाऱ्याच्या घरी आजारपण येतं, लग्नकार्य निघतं, मार्चअखेर येते हे माहीत आहे. चार आठवडे हातचे सुटले तरी माणूस अभ्यासक्रमातून बाहेर पडत नाही. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी असा नियम व्याख्यानाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा आहे.

तरी बहुतेक जण मधेच सोडतात. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची काही वर्षांची आकडेवारी 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता आणि 2017-18 मध्ये तो पूर्ण करणारे शंभरात सुमारे तीनच होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हे प्रमाण 46 टक्के होतं. म्हणजे ज्यांनी ठरवून, पदरमोड करून सुरुवात केली, त्यांच्यातलेही निम्म्याहून जास्त जण गळाले. जगातल्या उत्तम प्राध्यापकांचा धडा समोर असूनही हे होतं, तेव्हा उणीव धड्याच्या बाहेर शोधायला हवी.

ती कुठे आहे, हे मी माझ्या एका विद्यार्थिनीकडे पाहून शिकले. ती एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करायची. दुपारी बाजारपेठेत, संध्याकाळी वस्तीवर, असं रोजचं फिरणं. तिला त्याच संस्थेत लिपिकाची जागा मिळवायची होती आणि त्यासाठी संगणकावरचा हिशेब यायला हवा होता. स्प्रेडशीटचे व्हिडिओ ती रात्री बघायची. भांडी आवरून झाली की ओट्यावरच्या तेलाच्या डब्याला मोबाइल टेकवायचा, एकाच कानात इअरफोन घालायचा आणि दुसरा कान मोकळा ठेवायचा, कारण सासऱ्यांनी हाक मारली तर ऐकू यायला हवं. मधेच मुलगा मोबाइल मागायचा. महिनोन् महिने ती अशी बघत होती. सूत्रं तिला तोंडपाठ होती. पण रविवारी मी तिला बँक जुळवणी पत्रक संगणकावर करायला बसवलं, तेव्हा पहिला रकाना भरतानाच तिचा हात अडखळला.

यात तिचा दोष काहीच नव्हता. मोबाइलवर बघता येतं, करता येत नाही. मुंबई आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प हे ओळखूनच रचलेला आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, त्यांतले पुष्कळ मराठीतूनही आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडून ठेवायचं, धडा थांबवायचा, जे दाखवलं ते आपण करायचं आणि मग पुढे जायचं, अशी त्याची रीत. यासाठी संगणक लागतो आणि तो घरी नसेल तर दुसरीकडे जाऊन बसावं लागतं. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत संपर्कसत्राआधी ती येऊन बसू लागली. शेजारी आणखी दोघी-तिघी असत. एक अडली की दुसरी सांगायची. हात बसायला मग फार दिवस लागले नाहीत. पुढे तिला लिपिकाची जागा मिळाली. मुलाखतीत तिला प्रमाणपत्राबद्दल जुजबी विचारलं गेलं आणि समोर ठेवलेल्या खतावणीची जुळवणी करायला सांगितलं गेलं, असं तिनं मला सांगितलं.

म्हणून करिअरसाठी ऑनलाइन शिकू पाहणाऱ्यांना मी आधी एवढंच विचारायला सांगते की हा अभ्यासक्रम संपल्यावर मला हातानं काय करून दाखवता येईल? त्याचं उत्तर अभ्यासक्रमाच्या माहितीत सापडत नसेल तर तो घेऊ नये. पदवीचा प्रश्न असेल तर दुसरी खबरदारी घ्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे आयोगानं 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर आपण स्वतः पाहायचं, जाहिरातीत नाही. वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, कायदा यांच्या पदव्या अशा पद्धतीनं देता येत नाहीत, तेव्हा कोणी तसं सांगत असेल तर तिथून उठून यावं. नोकरीची हमी देऊन वर फीसाठी कर्जाचे हप्ते बांधून देणाऱ्यांपासूनही दूर राहावं. शिकवणारा प्रामाणिक असेल तर तो कौशल्याची हमी देतो. नोकरी देणं त्याच्या हातात नसतं.

पण ही सगळी पारख करून चांगला अभ्यासक्रम निवडला, तरी तो पार पडेल की नाही हे घरात ठरतं. माझ्या वर्गात जे शेवटपर्यंत टिकले, त्यांच्यात हुशारीपेक्षा एक गोष्ट जास्त ठळकपणे सारखी होती. कोणीतरी त्यांच्या वेळेची राखण केली होती. एका वाहकाच्या बायकोनं परीक्षेच्या महिन्यात घरातला टीव्ही बंद ठेवला. एका सेविकेच्या सासूनं रविवारचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. एका दुकानमालकानं शनिवारी दुपारी दोन तास लवकर सोडलं आणि पगार कापला नाही. वर्गात जाणाऱ्याचा वेळ घरातले मान्य करतात, कारण तो चप्पल घालून बाहेर पडताना दिसतो. घरातच मोबाइल घेऊन बसलेल्याचा अभ्यास कोणाच्या नजरेत भरत नाही. त्यातही ती सून किंवा लेक असेल तर तिच्या हातात मोबाइल दिसला की कामच आठवतं. ऑनलाइन शिक्षणानं येण्याजाण्याचे कष्ट वाचवले, पण त्याबरोबर घराबाहेरची ती हक्काची जागाही गेली.

म्हणून माझी विनंती शिकणाऱ्यांपेक्षा त्यांच्या भोवतालच्या माणसांना आहे. गावातल्या वाचनालयांनी, शाळा-कॉलेजांनी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी आपले संगणक मोठ्या माणसांसाठी खुले ठेवावेत. मालकांनी शिकणाऱ्या कामगाराला आठवड्यातले दोन तास द्यावेत. त्याचं कौशल्य शेवटी त्यांच्याच कामी येणार आहे. आणि घरातल्यांनी शिकणाऱ्या सुनेला किंवा लेकीला एक तास ठरवून द्यावा, ज्या तासाला तिला चहा मागायचा नाही, हाक मारायची नाही आणि फोन हातातून घ्यायचा नाही. चांगला धडा आज फुकट मिळतो. तो शिकायला लागणारा तास मात्र कोणाला तरी द्यावा लागतो, आणि तो देणं आपल्या प्रत्येकाला शक्य आहे.