मांजराच्या मानेवरील घंटा

उंदरांची सभा भरली, मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी असा ठराव एकमताने संमत झाला, आणि ती बांधणार कोण या प्रश्नावर सभा बरखास्त झाली, ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा मराठी वाचक विरळा. त्या ठरावात घंटेचा हेतू अगदी उघड होता. मांजराची चाहूल लागावी ती उंदरांच्या जिवासाठी. मांजराच्या सुखदुःखाशी त्या घंटेस काही कर्तव्य नव्हते. हल्ली मांजराच्या मानेवर एक निराळीच घंटा बसविता येऊ लागली आहे, आणि ती मांजराच्याच हितासाठी असते असे सांगण्यात येते. हे सांगणे कितपत खरे, व ते खरे ठरावयाचे तर घंटा बांधणाराने कोणत्या अटी पाळावयास हव्यात, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ही घंटा वाजत नाही. जुन्या चांदीच्या रुपयाहून किंचित मोठी अशी ती एक पांढरी, चपटी चकती असते. तिच्या खालून निघालेला सुमारे अर्धा सेंटिमीटर लांबीचा, केसासारखा तंतू कातडीखाली राहतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातील शर्करा अहोरात्र मोजीत असतो. 'फ्रीस्टाइल लिब्रे' या नावाची अशी चकती २०१४ साली प्रथम युरोपात विक्रीस आली, ती मधुमेही माणसांसाठी. माणसे ती दंडावर लावतात. पशुवैद्य मांजराच्या मानेमागील किंवा कुशीवरील केस भादरून तेथे चिकटवितात. तिच्याजवळ मोबाइल नेला की त्या क्षणीचा आकडा उमटतो, आणि मागील आठ तासांतील चढउताराची रेषाही दिसते. चौदा दिवस ती चालावी असा कारखानदाराचा हिशेब आहे. मांजरे तो हिशेब पुष्कळदा जुमानीत नाहीत.

आमच्या मुरुडच्या घरी (हे मुरुड दापोली तालुक्यातले, जंजिऱ्याजवळचे नव्हे) एक वयस्क बोका आहे. पुष्कळ वर्षे त्याने पडवीतील झोपाळ्यावर निजून व हर्णैच्या मासळीचा वाटा खाऊन काढली, आणि तो चांगला स्थूल झाला. गेल्या वर्षी तो पाणी फार पिऊ लागला, खाऊनपिऊनही रोडावला, आणि मागच्या पायांच्या टाचा भुईला टेकून चालू लागला. त्याच्या वाळूच्या पेटीशी मुंग्यांची रांग लागलेली प्रथम पाहिली ती घरच्या मंडळींनी. मूत्रास मुंग्या लागतात हे प्रमेहाचे लक्षण आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदविले आहे, व मधुमेह हे नावही त्यांचेच. रक्ताच्या तपासणीने मुंग्यांच्या निदानावर शिक्कामोर्तब केले. शेजारच्या वृद्ध काकूंनी मात्र ते मान्य केले नाही. "मांजराला कसली आलीय साखर! म्हातारा झालाय तो, दुसरं काय?" असे म्हणून त्यांनी विषय संपविला.

काकूंचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. मांजराने आजारी पडावे, एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसावे आणि एके दिवशी दिसेनासे व्हावे, हीच कोकणातील घरोघरची जुनी रीत. तीत क्रौर्य आहे असे कोणास वाटत नसे. निसर्गाच्या कामात माणसाने हात घालू नये, हा त्या रीतीतील विचार. परंतु या बोक्याच्या बाबतीत निसर्गाचे काम म्हणावयाचे तरी कोणते? त्याची खच्ची आम्ही केली, त्याची शिकार आम्ही सोडविली, दूधभाताची व झोपाळ्याची सवय त्यास आम्ही लाविली. मांजर हा मूळचा निखळ मांसाहारी प्राणी. त्याचा मधुमेह पुष्कळ अंशी माणसाच्या प्रौढपणीच्या मधुमेहासारखा असून, खच्ची केलेले, स्थूल आणि बैठे बोके त्यास अधिक बळी पडतात हे पशुवैद्यांस चांगले ठाऊक आहे. ज्या आजाराच्या घडणीत आपल्या लाडाचा एवढा हात आहे, त्याचे निवारण करण्याची वेळ येताच निसर्गाकडे बोट दाखविणे म्हणजे ऋण काढून सावकारास वैराग्य सांगण्यासारखे आहे.

ऋणाचा विषय निघालाच आहे, तर तो या एका बोक्यापुरता नाही. स्वादुपिंड काढून टाकले असता मधुमेह होतो हे १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग यांना कळले ते कुत्र्यावरून. टोरांटो येथे १९२१ साली बॅंटिंग व बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क टोचून पाहिला तोही कुत्र्यांनाच. त्यानंतर १९२२ च्या जानेवारीत तो प्रथम एका मरणोन्मुख मुलास देण्यात आला. पुढे साठ वर्षे जगातील मधुमेही माणसे गाईच्या व डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. गाईचे इन्सुलिन आणि मांजराचे इन्सुलिन यांत एका अमिनो आम्लापुरता फरक आहे. सृष्टीने आपल्या लेकरांत केलेली ही वाटणी मोठी विचार करावयास लावणारी आहे. मुक्या जनावरांच्या रक्तातील साखर माणसाने शंभराहून अधिक वर्षे मोजली, ती त्यांची संमती न विचारता आणि स्वतःसाठी. आता तेच मोजमाप जनावरासाठी करावयाचे म्हटले, तर संमतीचा प्रश्न एकाएकी नाजूक होऊन पुढे उभा राहतो. तो पूर्वीच राहावयास हवा होता हे खरे. परंतु उशिरा आलेला प्रश्नही प्रश्नच असतो.

मांजराची संमती मिळत नाही. लहान मुलाचीही मिळत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु मूल मोठे होते व त्यास मागाहून सर्व सांगता येते. मांजरास कधीच काही सांगता येणार नाही. म्हणून येथे 'त्याच्या बऱ्यासाठी' हे शब्द फार जपून वापरले पाहिजेत. आमच्या मते त्यांची एकच कसोटी आहे: जे केले त्याने त्या जनावराचा दिवस सुधारला की बिघडला, एवढेच पाहावे. आपल्या मनाचे समाधान त्यात धरू नये.

या कसोटीवर पूर्वीची पद्धत तपासून पाहावी. मांजरास पिंजऱ्यात कोंडून दवाखान्यात न्यावयाचे, कुत्र्यांच्या भुंकण्यात दिवसभर ठेवावयाचे, आणि दर दोन तासांनी कानास किंवा पायास टोचून रक्ताचा थेंब घ्यावयाचा. यात दुःख तर होतेच, पण सत्यही हाती लागत नाही. भ्यालेल्या मांजराची साखर झपाट्याने चढते. ती इतकी की निरोगी मांजरही मधुमेही वाटावे. म्हणूनच मागील दोन-तीन आठवड्यांचा सरासरी कल दाखविणारी फ्रुक्टोसामाइनची निराळी तपासणी पशुवैद्यांस करावी लागते. धाक घालून विचारलेल्या प्रश्नास खोटे उत्तर मिळते, हा नियम न्यायालयांपुरता व तोंडी परीक्षांपुरता नाही, तो रक्तालाही लागू आहे. तीस वर्षे तोंडी परीक्षा घेतल्यावर तेथील थरथरणाऱ्या ओठांवरून विद्यार्थ्याचे ज्ञान मोजण्यावर आमचा विश्वास फारसा उरलेला नाही, मग मांजराची गोष्ट काय सांगावी! चकतीचा मोठा गुण हा की ती प्रश्न विचारीत आहे हे मांजरास कळत नाही. पहिली दोन घटका बोकोबांनी मान झटकली, पाठ भिंतीस घासली, आणि मग ते झोपाळ्यावर जाऊन निजले. त्यानंतर जे आकडे आले ते झोपाळ्यावरच्या मांजराचे होते, पिंजऱ्यातल्या मांजराचे नव्हते.

दुसरा गुण याहूनही मोलाचा. इन्सुलिनची मात्रा जास्त झाली म्हणजे साखर खाली जाते, जनावर मंदावते, झोकांडते, पुढे झटके येतात आणि प्राणावरही बेतते. परंतु या अनर्थाची पहिली पायरी म्हणजे नुसती सुस्ती. आणि दुपारच्या वेळी सुस्त नसलेले मांजर कोणी पाहिले आहे? सुखाने निजलेला बोका आणि साखर उतरून ग्लानीत गेलेला बोका हे दिसावयास सारखेच. प्रेमळ माणसाची नजर सर्व ओळखते असे आपण फार सहज बोलतो. याच मुरुडात धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. १८७५ साली ते सहावीच्या परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्यास पोचले, आणि वय पुरे असताही दिसण्यात लहान म्हणून तेथे त्यांस परत लाविण्यात आले. डोळ्यांस जे दिसते त्यावर निकाल देणारा मनुष्य दुष्ट असतोच असे नाही. तो केवळ डोळ्यांवर विसंबलेला असतो. एके रात्री दोन वाजता चकतीने बोक्याचा आकडा साठाच्या आसपास दाखविला. त्याच्या कानाच्या कडेचा एक थेंब घेऊन ताडून पाहिला (चकतीचा आकडा रक्ताच्या मागे काही मिनिटे रेंगाळतो, आणि फार खालच्या आकड्यांवर आंधळा विश्वास टाकू नये असे वैद्य सांगतात), हिरड्यांस मध चोळला, खाऊ घातले, आणि सकाळी वैद्यांस कळवून मात्रा कमी करून घेतली. नुसत्या नजरेवर भिस्त असती, तर घरातील सर्व माणसे त्या रात्री शांत निजली असती.

परंतु येथेच या यंत्राचा धोकाही सुरू होतो. त्या रात्रीनंतर घरातील एक ना एक माणूस दर दहा मिनिटांनी मोबाइल घेऊन बोक्याच्या मागे हिंडू लागले. आकडा चढला की मंडळींचा चेहरा उतरे. बोका कोणाच्या मांडीवर येऊन बसला, तर पहिला हात त्याच्या डोक्यावरून न फिरता मानेकडे जाई. मांजर पाळणाराची आणि मांजराच्या आलेखाची अशी मैत्री जमली म्हणजे मधल्या मांजराची अडचणच होऊ लागते. यातून उपाधी अशी उद्भवते की प्रत्येक चढत्या आकड्यावर इन्सुलिन वाढवावे असे हाताला वाटू लागते, आणि तेच घातक. एका आकड्यावरून मात्रा बदलू नये, टोचल्यानंतर साखर खाली खाली कोठवर जाते ते काही दिवस पाहून मगच वैद्यांनी ती ठरवावी, असा त्या शास्त्राचा सरळ दंडक आहे. ज्या आकड्यावरून काही करावयाचे नाही, आणि काही करण्याचे थांबवावयाचेही नाही, तो आकडा पाहणे म्हणजे उंदरांच्या ठरावाकडे परत जाणे होय. कारण तेव्हा घंटा वाजते ती आपल्या भयासाठी. घरात पुढे दिवसातून चार वेळाच पाहावयाचे असे ठरले. चिकित्सा लवकर व नेटाने झाल्यास काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही. ती आशा धरण्यास दर दहा मिनिटांचा आकडा लागत नाही.

आणखी एक गोष्ट आकडा सांगत नाही. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमातील एक वासरू असाध्य व्याधीने तळमळत असता गांधीजींनी त्यास डॉक्टरकडून सुई टोचवून मरण आणविले, तेव्हा अहिंसेच्याच नावाने त्यांच्यावर रोषाची पत्रे आली. त्या वासराच्या वेदनेचा आलेख कोणाजवळ नव्हता. असता तरी निर्णय सोपा झाला असता असे आम्हांस वाटत नाही. बोक्याची साखर दीडशे आहे हे कळते, पण दिवसातून दोनदा सुई घेऊन जगणे त्यास गोड वाटते की नाही, हे कळत नाही. ते पाहावयाचे तर त्याने स्वतःचे अंग चाटण्याचे सोडले आहे काय, पहाटे विहिरीच्या काठावर जाऊन बसण्याची हौस त्यास उरली आहे काय, हेच पाहावे लागते. सध्या ती उरली आहे.

राहता राहिला तो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो कोणा तत्त्ववेत्त्याने घेतलेला नाही. आमच्या अंगणात सुपारी सोलावयास एक बाई येतात. बोक्याच्या मानेजवळ मोबाइल नेलेला पाहून त्यांनी विचारले, "किती आली?" दोनशे नव्वद, असे सांगितले. "माझी त्याहून जास्त होती, गावात शिबीर झालं तेव्हा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपारीस लागल्या. एका चकतीस काही हजार रुपये पडतात. लोक लग्नात व मोटारींत याहून अधिक उधळतात त्यांस कोणी विचारीत नाही, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पण दुसऱ्याची उधळपट्टी आपल्या खर्चाचे समर्थन होत नाही. मांजर आपल्या आश्रयास आहे म्हणून त्याचा हक्क पहिला, हेही उत्तर पुरत नाही. ज्यांच्या हातांनी अंगणातील सुपारी घरात येते त्या आश्रयाबाहेरच्या कशा? मांजराची चकती काढून टाकल्याने त्यांची साखर उतरणार नाही, हे खरे. परंतु ज्या घरात मांजराच्या रक्तातील चढउतार तासातासाने कळतो, त्या घरात अंगणातील माणसाचा आकडा शिबिरापासून शिबिरापर्यंत अज्ञात राहावा, हे तर्काने सुटणारे कोडे नव्हे. कर्व्यांनी ज्या गावासाठी 'मुरुड फंड' उभारला त्या गावात तर नव्हेच.

चौकशी करता असे कळले की अडचण तपासणीच्या पैशाची नव्हती. सरकारी दवाखान्यात तपासणीस पैसे पडत नाहीत. जाण्यायेण्यात व रांगेत दिवस मोडतो, आणि मोडलेल्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही. ती मजुरी, दर महिन्याच्या एका दिवसाची, बोक्याच्या औषधाच्या वहीतच पुढच्या ओळीवर लिहिली जाऊ लागली आहे. बाई पहिल्यांदा गेल्या त्या बुधवारी सुपारी सोलावयाची राहिली.