देखणं म्हणू का?

खामगावात जिनिंगमध्ये मी रेच्यावर असतो. रातपाळी सुटली की नाकातोंडात रुई, अन् पिशवीत रद्दीतून किलोवर घेतलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक : बॅनिस्टर फ्लेचरचा वास्तुकलेचा इतिहास. पहिली आवृत्ती १८९६ ची. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो.

त्याच्या जुन्या आवृत्त्यांत एक झाड काढलंय. बुंधा ग्रीस-रोमचा, शेंड्याला युरोप-अमेरिका. भारत, चीन, मेक्सिको बाजूच्या खुंटलेल्या फांद्यांवर. १९०१ मध्ये तर त्यानं आपल्या शैलींवर 'अनैतिहासिक' असा शिक्काच मारला. वाचून संताप आला, मग हसू आलं. काहून, तर हे झाड मी आधी पाहिलं होतं. आमचं गाव असंच काढलेलं आहे. मधी देऊळ अन् वाडे, आम्ही कडेच्या फांदीवर. फ्लेचरवर चिडणारे आमचे विद्वान गावाच्या नकाशावर चिडत नाहीत.

लोणारला दैत्यसूदनाचं मंदिर पाहिलं. भिंतीला इतके कोन की ऊन-सावली एका जागी बसतच नाही. हेमाडपंती म्हणतात, म्हणजे चुन्याशिवाय, दगडात दगड बसवलेला. नाव तेराव्या शतकातल्या यादवांच्या प्रधानाचं. छिन्नी काही त्याच्या हातात नव्हती. सांध्यावरून बोट फिरवलं अन् अडकलो. देखणं म्हणू, तर ज्या पणज्याला गावच्या देवळाची पायरी चढता आली नाही त्याच्याशी बेइमानी. नाही म्हणू, तर माझ्या डोळ्यांशी अन् त्या पाथरवटाशी बेइमानी. देव बसल्यावर त्याला तरी आत घेतलं का? कोणी लिहून ठेवलं नाही.

सांचीत लिहून ठेवलंय. दक्षिण तोरणावर कोरलंय की हे नक्षीकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. दोन हजार वर्षांपासून ते तिथं आहेत.

सांचीचा स्तूप भरीव, भोवती फिरायचं. नागपूरला दीक्षाभूमीचा, शिवदान मल यांनी आखलेला, २००१ साली खुला झालेला, तो पोकळ. आत शिरता येतं, हजारोंनी बसता येतं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवलं त्यांच्यासाठी घुमट बांधायचा, तर तो पोकळच पाहिजे, असं मला वाटतं.

तर माझं सध्याचं उत्तर : लोणारचा दगड देखणा, देऊळ नाही. आबाजीले हे सांगितलं. ते म्हणाले, "पोरा, दगड अन् देऊळ तू येगळं करशीन कसं?"

त्यावर मी अजून बोललो नाही.